‘काळ, निसर्ग आणि भाषा’: अमूर्त प्रिंटमध्ये हे प्लेटवर असतं की फक्त निवेदनात?

तिसरी_प्रत (धागाकर्ता)

अमूर्त मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात भिंतीवरच्या निवेदनात एक वाक्य हमखास सापडतं: ‘ही चित्रं काळ, निसर्ग आणि भाषा यांचा शोध घेतात.’ वाक्य इतकं सैल आहे की कुठल्याही करड्या आयताशेजारी लावा, बसतं. माझं मत असं की रंगचित्रकाराला ते एक वेळ चालेल, प्रिंटमेकरला नाही. या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष घडवणारी साधनं प्रिंटमेकरच्या हाताशी असतात. ती वापरलीच नसतील तर निवेदन शोभेचं.

काळ घ्या. तांब्याच्या प्लेटवर ॲक्वाटिंट (ॲसिडनं प्लेटवर करड्या छटा खोदण्याची पद्धत) करताना राळेची बारीक पूड साधारण निम्मा पृष्ठभाग झाकेल इतकी बसू द्यायची, खालून ताप देऊन दाणे पारदर्शक होईपर्यंत वितळवायचे, मागची बाजू आणि कडा वॉर्निशने बंद करायच्या. जिथे पांढरं हवं तिथेही आधीच वॉर्निश. मग फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे तांबं खाणाऱ्या द्रावणात, 15 सेकंद. जितकं खोल खाल्लं जाईल तितकी छटा गडद. काढा, धुवा, सुकवा, पहिला करडा झाका, पुन्हा बुडवा. एकूण वेळ दर पायरीला दुप्पट होत जातो: 15 सेकंद, 30 सेकंद, मग 1, 2, 4, 8, 16 मिनिटं. पांढरा धरून आठ छटा.

दुप्पट होतो तो एकूण वेळ, हे लक्षात न घेतल्यानं बऱ्याच प्लेटी वाया जातात. प्रत्यक्ष बुडवणं असतं 15, 15, 30 सेकंद, मग 1, 2, 4, 8 मिनिटं. बुडवण्याचाच वेळ दुप्पट करत गेलात तर शेवटची छटा जवळजवळ 32 मिनिटं खाल्ली जाते, राळेचे दाणे खालून पोखरून सुटतात आणि जिथे गडद काळा हवा तिथे उलट फिकट, मेलेला करडा छापला जातो. असो. मुद्दा एवढाच की अशा सात पट्ट्यांचं चित्र काळाबद्दल आहे असं कुणी म्हटलं तर मला ते पटतं. पट्ट्या मिनिटांनीच झालेल्या आहेत.

निसर्गासाठी सॉफ्ट ग्राउंड, म्हणजे प्लेटवर द्यायचा ॲसिडरोधक मऊ लेप, आहे. त्यात चरबी मिसळलेली असल्यामुळे ते पूर्ण कडक होत नाही, दाबलेली वस्तू आपल्याखालचा लेप उचलून नेते आणि तिथे ॲसिड तिचा ठसा खातं. भाषेसाठी तर मुद्रणकलाच आहे, दुसरं काय सांगायचं?

आणि एक पोटप्रश्न. ‘काळ’ हा विषय सांगून 30 तंतोतंत सारख्या प्रतींची एडिशन काढणं मला विसंगत वाटतं. पहिल्या आणि तिसाव्या प्रतीत काहीच बदललं नाही, तर काळ गेला कुठे?

राळ_आणि_तेल

साफ असहमत. तुमची सगळी मांडणी एका गृहीतकावर उभी आहे: जे करताना झालं ते पाहणाऱ्याला दिसतं. दिसत नाही.

तुमचाच 16 मिनिटांचा काळा घ्या. बाथचं, म्हणजे प्लेट बुडवायच्या द्रावणाचं, तापमान 18 अंशांवरून 28 वर न्या, तोच काळा बऱ्याच कमी वेळात मिळेल. द्रावण 42 बोमेऐवजी (बोमे हे घनतेचं माप) 48 असेल तर जास्त वेळ लागेल, कारण फेरिक घट्ट झालं की उलट संथ खातं. वापरून वापरून त्यात तांबं साचलं की आणखी संथ. जस्तावर नायट्रिक, 1 भाग ॲसिडला 8 ते 10 भाग पाणी, तिथे तर गणितच वेगळं: प्लेट खाता खाता बाथ स्वतःच तापतो आणि वेग वाढत जातो. म्हणजे कागदावरच्या छटेत खोली नोंदली जाते, शाई किती धरली ते नोंदलं जातं. मिनिटं नोंदली जात नाहीत. ती तुमच्या वहीत असतात.

याला मी प्रक्रियेचं भाबडं कौतुक म्हणतो. कष्ट आणि अर्थ एकच असते तर प्रत्येक मेझोटिंट महाकाव्य ठरलं असतं. त्यात रॉकर हे दातेरी हत्यार आठ-दहा दिशांनी फिरवून आख्खी प्लेट खरवडायला जो वेळ लागतो तो सगळ्यांनाच लागतो, चित्राचा विषय काळ असो की फुलदाणी.

आता निवेदनाला तुम्ही शोभेचं म्हणता. झरीना हाश्मी (1937–2020) यांचं 1999 मधलं ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ बघा. 36 वुडकट (लाकडात कोरून छापलेली चित्रं), प्रत्येकात काळ्या रेषांची अगदी मोजकी भूमितीय मांडणी आणि जोडीला नस्तालिक वळणात एक उर्दू शब्द: घर, उंबरठा, दार असे. शब्द झाकून बघा, काही चित्रांत एक चौकोन आणि दोन-तीन रेषा उरतात. त्या रेषांना उंबरठा करतो तो शब्द. म्हणजे अमूर्त मुद्राचित्रात शब्दानं काम करणं ही पळवाट नाही, ते चित्राचंच अंग असू शकतं. तुमच्या कसोटीवर हा संच नापास होईल, आणि तसं झालं तर दोष कसोटीत आहे.

तिसरी_प्रत

झरीना नापास होत नाहीत. शब्द त्यांनी भिंतीवर चिकटवला नाही, छापून चित्राच्या कागदावर आणला. माझा आक्षेप चित्राच्या बाहेर राहिलेल्या शब्दांना आहे.

तापमानाचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच तर पट्ट्या एकाच प्लेटवर, एकाच बाथमध्ये हव्यात. निरपेक्ष मिनिटं वाचता येत नसतील, पण ही पट्टी तिच्याहून दुप्पट वेळ आत होती हे नातं कागदावर येतंच.

राळ_आणि_तेल

येतं, पण काठ वेगवेगळे दिसले तरच. दोन शेजारच्या छटांमध्ये वॉर्निशचा काठ नीट बसला नाही तर ॲसिड खालून शिरतं आणि नात्याऐवजी डाग वाचायला मिळतो. शिवाय शाई पुसणाऱ्याच्या हातावर निम्मं अवलंबून. जाळीच्या कापडाऐवजी तळहातानं शेवटची पुसाई केली की फिकट छटा आणखी उजळतात, तुमचं 15 आणि 30 सेकंदांतलं अंतर बदललं! काळाची नोंद इतकी नाजूक असेल तर ती नोंद कसली.

उभा_गाभा

दोघांच्या मधोमध थोडा लाकडाचा मुद्दा टाकतो.

ब्रायन नॅश गिल (1961–2013) या अमेरिकन कलाकारानं झाडांच्या आडव्या चकत्यांवरून थेट छाप घेतले. वर्षाची वलयं म्हणजे निसर्ग आणि काळ एकाच रेषेत, आणि दिसायला चित्र पूर्ण अमूर्त. यात निवेदन लागत नाही. मिनिटं वहीत असतात हा आक्षेपही लागू होत नाही, कारण वलय मोजता येतं.

पण हे ‘झाडाला शाई लावली, कागद ठेवला’ इतकं सोपं नाही, आणि कलाकाराचा हात नेमका तिथे शिरतो. ताज्या चकतीची वलयं सपाट असतात, छापली तर एकसारखा काळा गोल येतो. पृष्ठभाग आधी रंधा आणि पॉलिश पेपरनं सपाट करायचा, मग टॉर्चनं वरवर जाळायचा. वसंतात वाढलेलं मऊ लाकूड जास्त जळतं, हंगामाच्या शेवटचं दाट लाकूड टिकतं. तारेच्या ब्रशनं जळका भाग काढला की दाट वलयं उंच राहतात. नंतर शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) पातळ हात, नाहीतर उभे तंतू शाईतलं तेल पिऊन टाकतात आणि तिसऱ्या प्रतीपर्यंत छाप ठिपक्याठिपक्यांचा होतो. शाई घट्ट, थर पातळ, रोलर कडक. मऊ रोलर खाचांत उतरतो आणि वलयं बुजतात. कागद पातळ पण लांब तंतूंचा, आणि दाब हातानं, चमच्याच्या पाठीनं किंवा बोटानं. प्रेसमध्ये चकती घालू नये. जाडी कुठे ना कुठे कमीजास्त असते, मग एक तर छाप अर्धा येतो किंवा चकती फुटते.

चकती सुकताना मध्यापासून सालीपर्यंत तडकतेच, कारण लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा वलयाच्या दिशेनं जास्त आकसतं. ती भेग भरायची की छापायची, हा माझ्या मते या प्रकारातला एकमेव खरा कलात्मक निर्णय. भेग छापली की झाड तोडल्यानंतरचा काळही चित्रात येतो.

धागाकर्त्याशी मतभेद एकाच ठिकाणी: सॉफ्ट ग्राउंडमधलं पान. अमूर्त कामात पान दाबलं की बघणारा ‘अरे, पान!’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. ते निसर्गाचं चित्रण झालं. व्हिएन्नात आलोइस आउअर यानं 1852 मध्ये निसर्गमुद्रणाचं पेटंट घेतलं, त्यात वनस्पती मऊ शिशाच्या पत्र्यात दाबून त्यावरून विद्युतलेपनानं छापायची प्लेट करत. हेतू वनस्पतीची अचूक नोंद. तेच काम 170 वर्षांनी करून त्याला अमूर्त म्हणायचं?

मऊ_लेप

पानाबद्दल एवढा राग कशाला? चुकतं ते पान दाबण्याच्या पद्धतीत.

ताजं पान दाबलं तर रस सुटतो, लेप धुतला जातो आणि शिरांऐवजी चिखल येतो. पूर्ण वाळलेलं पान दाबाखाली चुरतं. अर्धवट सुकलेलं, रद्दीत दोनेक दिवस दाबून ठेवलेलं पान घ्यायचं, शिरांची बाजू लेपाकडे, वर मेणकागद, प्रेसचा दाब नेहमीच्या छपाईपेक्षा बराच कमी आणि ब्लँकेट एकच. इथपर्यंत ते चित्रणच, कबूल.

पण नंतर प्लेट स्क्रेपरनं खरवडा, बर्निशरनं घासा, त्यावर पुन्हा लेप देऊन तेच पान थोडं सरकवून दाबा, पुन्हा ॲसिड. तीन-चार फेऱ्यांनंतर पान ओळखू येत नाही, राहतो शिरांचा एक विरत गेलेला विणकाम-सारखा पोत. ही अमूर्तता पानापासून दूर जात जात मिळालेली असते. जस्तापेक्षा तांबं बरं, कारण जस्ताची प्लेट इतकी खरवड सोसत नाही, कडा लवकर बसतात.

उलटी_वेलांटी

काळ-निसर्गावर बरीच चर्चा झाली. भाषेला मात्र ‘मुद्रणकलाच आहे’ म्हणून एका वाक्यात उरकलंत, आणि सगळ्यात जास्त ढोंग तिथेच चालतं.

प्रिंटमध्ये अक्षर उलटं होणं फुकट मिळतं. ब्लॉकवर (छापायच्या लाकडी ठोकळ्यावर) सरळ कोरा, कागदावर आरशातलं येतं. म्हणून ‘भाषेची अगम्यता’ दाखवायची असेल तर आळशी माणूस अक्षर सरळ कोरतो आणि जे उलटं छापलं जातं त्याला आशय म्हणतो. स्क्रीन प्रिंट किंवा ऑफसेट पद्धतीत अक्षर उलटत नाही, तिथे हाच माणूस मुद्दाम फिल्म पालथी घालतो. हे मी भाषेवरचं काम मानत नाही.

चिनी कलाकार शू बिंग यांचं ‘बुक फ्रॉम द स्काय’ (1987–91) आठवा. सुमारे 4000 खोटी चिनी चित्राक्षरं लाकडात हातानं कोरली, एकही वाचता येत नाही. पण रेघांचा क्रम, घटकांची जागा, चौकटीतला तोल, सगळं खऱ्या लिपीच्या नियमानं. चिनी वाचक अडखळतो तो याचमुळे: हे वाचता यायला हवं असं वाटतं आणि येत नाही. वाचता न येणं तिथे कमावलेलं आहे.

देवनागरीत असं काम करायचं तर आधी लाकडाशी भांडावं लागतं. शिरोरेषा ही उठावात राहिलेली लांब बारीक धार. ती तंतूंच्या दिशेनं आली तर टिकते, आडवी आली तर पाचदहा प्रतींत तुटायला लागते. म्हणून ओळी तंतूंना समांतर मांडायच्या. पण मग काने, दंड सगळे तंतूंना आडवे येतात, त्यांना रुंद पाया लागतो. अक्षराच्या कडेचा उतार नेहमी बाहेरच्या बाजूला. चाकू आत झुकला की धार खालून पोकळ होते आणि दाबाखाली ढासळते. अनुस्वार सर्वांत आधी उडतो, कारण तो सुटा ठिपका, आधाराला कुणी नाही. त्याच्याभोवती खोल कोरू नका, जेमतेम शाई लागणार नाही इतकंच उतरवा. प, ष आणि फ यांच्या पोटातल्या जागा शाईनं बुजतात, तिथे मात्र खोल जावं लागतं. अगदी लहान अक्षर हवं असेल तर फळीच्या लाकडाचा नाद सोडून आडछेदाचं लाकूड आणि ब्युरिन (टोकदार कोरणी) घ्या, तिथे तंतूंची दिशा आड येत नाही.

अक्षर उतरवायला पातळ कागदावर सरळ लिहून तो कागद ब्लॉकवर पालथा चिकटवणं सर्वांत खात्रीचं. शाई मागून दिसेल इतका पातळ हवा. गव्हाच्या खळीनं चिकटवा, सुकल्यावर वर तेलाचं एक बोट फिरवलं की आणखी पारदर्शक होतो.

या सगळ्यातून गेलेला माणूस सहसा ‘भाषेचा शोध’ असं लिहीत नाही. कुठल्या अक्षरानं छळलं ते सांगतो.

राळ_आणि_तेल

शेवटचं वाक्य म्हणजे पुन्हा कष्टाचंच कौतुक. अनुस्वार तुटला म्हणून काम चांगलं होत नाही.

उलटी_वेलांटी

तुटला म्हणून नाही. तुटल्यावर काय केलं त्यावरून कळतं. लाकडाची खुंटी बसवून अनुस्वार परत आणला, की दहाव्या प्रतीपासून तो नसतानाच ओळ छापत राहिले? दुसऱ्या रस्त्यानं गेलात तर तीच ओळ आता वेगळं वाचली जाते. हे प्लेटवर घडलेलं भाषेचं काम आहे, त्याला निवेदन लागत नाही.

दुसरा_ओढा

एडिशनच्या पोटप्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही.

‘30 सारख्या प्रती म्हणजे काळ नाही’ हे मला उलटं वाटतं. प्लेट झिजत असते. ड्रायपॉइंटमध्ये ॲसिड नसतं, सुईनं थेट प्लेट ओरखडतात. त्यात सुईनं उचललेली धातूची कड, म्हणजे बर, तीच मखमली काळा देते आणि प्रत्येक ओढ्यात (म्हणजे छाप काढताना) ती थोडी चेपते. तांब्यावर साधारण 10 ते 20 बऱ्या प्रती निघतात, जस्त किंवा ॲक्रिलिकवर त्याहूनही कमी. 30 सारख्या प्रती काढायच्या तर तांब्याला स्टील फेसिंग (विद्युतलेपनानं लोखंडाचा पातळ थर) करावं लागतं. सारखेपणा हा झिजेशी केलेला सामना असतो. ज्यानं सारख्या प्रती काढल्या त्याच्याइतकं काळाचं भान दुसऱ्या कुणाला नसतं!

बदल दाखवायचा असेल तर वाट जुनीच आहे. डच चित्रकार हर्क्युलिस सेगर्स सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच प्लेटच्या प्रती वेगवेगळ्या रंगांच्या शाईत, रंगवलेल्या कागदावर, कापडावर काढत होता, वर हातानं रंग देत होता, काही प्रती कापतही होता. रेम्ब्राँटनं ‘थ्री क्रॉसेस’ (1653) ही ड्रायपॉइंट प्लेट चौथ्या स्टेटमध्ये (प्लेटमध्ये फेरफार केल्यानंतरच्या टप्प्यात) इतकी बदलली की आधीच्या आकृत्या अंधारात गेल्या. विषय धार्मिक, अमूर्त मुळीच नाही. तरी प्लेटवरचा काळ पाहायचा तर या दोघांकडेच जावं लागतं.

मात्र एक फसवणूक चालते ती सांगतो. प्रतीवरचा 3/30 हा आकडा छपाईचा क्रम दाखवतो असा बहुतेकांचा समज असतो. सहसा तसं नसतं. प्रती सुकतात, दाबल्या जातात, गठ्ठा होतो, मग सही करताना जसा हाताला लागेल तसा आकडा पडतो. त्यामुळे ‘प्लेटची झीज हाच माझा विषय’ असं म्हणणाऱ्यानं क्रमानंच आकडे दिले का, हे पहिलं विचारावं. दिले नसतील तर प्रती क्रमानं लावून दाखवलेली झीज ही नंतर रचलेली गोष्ट झाली.

भुताच्या प्रतीही हल्ली फार दिसतात. पुन्हा शाई न लावता त्याच प्लेटवरून दुसरा ओढा काढायचा, छाप बराच फिका येतो, तिसरा तर जेमतेम. ‘स्मृती पुसट होत जाते’ हे दाखवायला इतका तयार मार्ग आहे की आता तो बघवत नाही.

तिसरी_प्रत

स्टील फेसिंगचा मुद्दा लागला. तरी ‘सामना’ प्रतीत दिसत नाही हे राळ_आणि_तेल यांचंच म्हणणं मी आता तुमच्यावर फिरवतो. 30 सारख्या प्रतींपैकी एकच भिंतीवर असते. बघणाऱ्याला झीजही दिसत नाही, सामनाही नाही.

कडक_रोलर

निसर्ग म्हणजे पान किंवा वलय असं धरून सगळे बोलताहेत. भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी (1925–2018) यांचा उल्लेख अजून आला नाही याचं नवल वाटतं.

स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या पॅरिसच्या अतेलिये 17 या मुद्राचित्रांच्या कार्यशाळेत हेटर, रेड्डी आणि कैको मोती यांनी 1950 च्या दशकात व्हिस्कॉसिटी छपाई (शाईच्या घट्ट-पातळपणावर चालणारी) विकसित केली. रेड्डींचं ‘व्हर्लपूल’ (भोवरा, 1963) बघा. त्यात पाणी चितारलेलं नाही, पण शाया एकमेकींना ढकलतात ते पाण्याच्या वागण्यासारखंच.

पद्धत अशी. प्लेटवर किमान तीन पातळ्या हव्यात: मूळ पृष्ठभाग, मधली, आणि खोल. ॲसिडनं करा नाहीतर रेड्डींसारखी शिल्पासारखी हत्यारांनी कोरून. पहिली शाई नेहमीच्या इंटाग्लिओसारखी खाचांत भरून पुसायची. दुसरी शाई जवसाच्या तेलानं पातळ केलेली, कडक रोलरनं, दाब न देता. ती फक्त वरच्या पातळीला लागते. तिसरी शाई घट्ट, लागल्यास मॅग्नेशियम कार्बोनेट घालून, मऊ रोलरनं थोडा दाब देऊन. मऊ रोलर मधल्या पातळीत उतरतो. वरच्या पातळीवर आधीच तेलकट शाई बसलेली असते, ती घट्ट शाईला झिडकारते. तीन रंग, एक प्लेट, एकदाच प्रेसखाली.

चुका ठरलेल्या आहेत. घट्ट आधी आणि पातळ नंतर लावली तर पातळ शाई घट्ट शाईवर खुशाल बसते, वरच्या पातळीवर दोन्ही रंग एकमेकांत जातात आणि सगळा गाळ होतो. दोन शायांच्या पातळपणात पुरेसा फरक नसला तरी तेच, फक्त हळूहळू. रोलरचा घेर प्लेटपेक्षा लहान असला तर दुसऱ्या फेऱ्याची आडवी रेघ उमटते आणि ती नंतर काही केल्या जात नाही, म्हणून या कामाला मोठ्या घेराचे रोलर लागतात. खोली गरम झाली की घट्ट शाईही सैल होते, पहाटेचं मिश्रण दुपारी चालत नाही.

राळ_आणि_तेल, तुम्ही म्हणता प्रक्रिया बघणाऱ्याला दिसत नाही. इथे दिसते. दोन रंगांच्या सीमेवर जो कापल्यासारखा काठ आणि मध्येच सुटलेले थेंब असतात ते कुंचल्यानं येत नाहीत. तंत्राची माहिती नसलेल्या माणसालाही ते ‘झालेलं’ वाटतं, ‘केलेलं’ नाही.

राळ_आणि_तेल

हे मान्य. पण मग धागाकर्त्याची कसोटी बदलते. ‘प्लेटवर काळ घडला का’ असं विचारण्याऐवजी ‘कागदावर असं काही आहे का जे हातानं मुद्दाम करता आलं नसतं’ असं विचारावं लागेल. त्या कसोटीला मी तयार आहे. ॲक्वाटिंटच्या सात पट्ट्या त्यात नापास होतात बरं का, त्या ग्राफाइटनंही काढता येतात.

पांढरे_हातमोजे

एक रुक्ष पण आवश्यक मुद्दा. ‘काळ’ या नावाखाली जे गंजाचे छाप आणि वनस्पतिरसाचे छाप काढले जातात त्यांचं पुढे काय होतं याचा विचार निवेदनात कधीच नसतो.

गंजाचा छाप: ओला कापसाचा कागद, पातळ व्हिनेगर, लोखंडाचा तुकडा, वर प्लास्टिक, 12 ते 24 तास. दिसतो सुंदर. पण लोहाचे आयन कागदातल्या सेल्युलोजच्या ऑक्सिडेशनला चालना देतात, राहिलेलं आम्ल त्याच्या साखळ्या तोडतं. लोह-माजूफळाच्या जुन्या शाईनं हस्तलिखितं अक्षराच्या जागीच फाटतात ती याच कारणानं. धुऊन सैल गंज काढा, सौम्य अल्कलीनं आम्ल मारा, ते लांबतं. थांबत नाही. आणि ओलसर हवेत वेग वाढतो.

वनस्पतिरसाचं अँथोटाइप तर प्रकाशानंच तयार होतं आणि प्रकाशानंच जातं, ते स्थिर करण्याची खात्रीची पद्धत नाही. सायनोटाइप (लोहाच्या क्षारांनी प्रकाशात होणारा निळा छाप) त्यामानानं शहाणं: उजेडात फिकं पडलं तरी अंधारात ठेवल्यावर बरंच परत येतं. पण अल्कली लागली तर निळा जातो, म्हणून कॅल्शियम कार्बोनेटचा बफर, म्हणजे आम्ल मारणारी अल्कली, असलेल्या फोल्डरमध्ये सायनोटाइप ठेवू नये. कागदावरच्या नाजूक कामांना प्रदर्शनात 50 लक्सच्या आत प्रकाश द्यायची रीत आहे.

माझं मत: एडिशन म्हणून आकडा घालून, ‘कायम’ असल्याच्या थाटात ही कामं देणं अप्रामाणिक आहे.

मऊ_लेप

चित्र काळाबद्दल असेल आणि काळानं ते खाल्लं, तर यात अप्रामाणिक काय? हाच तर या धाग्यात सगळ्यांना हवा असलेला ‘प्लेटवरचा’ पुरावा, फक्त कागदावर.

पांढरे_हातमोजे

खाल्लं तर काहीच नाही. सांगितलं नाही तर आहे. मागे पेन्सिलनं एवढंच लिहा: लोखंड आणि व्हिनेगर, तारीख, धुतलं का, कशानं. कलाकाराला वाटतं ऱ्हास त्याच्या योजनेनुसार होईल. होत नाही. गंज चित्रभर सारखा फिका पडत नाही, तो जिथे दाट तिथे कागद कडक होऊन तडकतो आणि शेजारच्या प्रतीवर तपकिरी छाया सोडतो. म्हणजे एका कलाकाराचा काळ दुसऱ्याच्या चित्रावर. दोन प्रतींमध्ये आम्लमुक्त कागद घालणं तरी करा.

उभा_गाभा

+१. चकत्यांवर जळका भाग नीट झाडला नसेल तर त्याचीही काजळी शेजारच्या कागदावर जाते.

दुसरा_ओढा

योजनेबाहेरच्या गोष्टी चित्रात आणण्यावरून अमेरिकन संगीतकार जॉन केज आठवला. 1983 च्या ड्रायपॉइंटमध्ये त्यानं 15 दगड प्लेटवर ठेवून त्यांच्याभोवती सुई फिरवली, दगड कुठे ठेवायचे हे योगायोगाच्या पद्धतीनं ठरवलं. प्रेरणा क्योटोच्या र्योआन-जी बागेतल्या 15 दगडांची. निसर्ग आहे, काळही आहे, आणि राळ_आणि_तेल यांची नवी कसोटी इथे अडकते. दगडाभोवती रेघ हातानंच काढलेली आहे, कुणालाही काढता येईल. तिची जागा मात्र कुणीच ठरवलेली नाही. ती कागदावर दिसते का? मला वाटतं एका चित्रात नाही, संच लावला की दिसते.

राळ_आणि_तेल

संच लावला की दिसते, म्हणजे एकटी प्रत पुरत नाही. मग शेजारी चार ओळी लिहिल्या तर धागाकर्त्याला इतकी खाज का सुटते?

तिसरी_प्रत

कारण त्या चार ओळी कधीच ‘15 दगड, जागा योगायोगानं’ अशा नसतात. तशा असत्या तर हा धागा काढलाच नसता.

दुसरा_ओढा, एक व्यावहारिक प्रश्न. छपाईच्या क्रमानं आकडे द्यायचे ठरवलं तर तो क्रम सांभाळायचा कसा? कागद भिजवायचा, ब्लॉटरमध्ये टिपायचा, छापायचा, पुन्हा सुकवायचा, एवढ्यात गठ्ठा चारदा पालथा होतो.

दुसरा_ओढा

भिजवण्याआधीच कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, 2बी पेन्सिलनं हलका आकडा टाका. ग्राफाइट पाण्यात जात नाही, 250–300 ग्रॅमचा कापसाचा कागद तासभर भिजला तरी राहतो. जोर देऊ नका, कागद भिजला की पेन्सिलची खाच पुढच्या बाजूला उठते आणि ॲक्वाटिंटच्या सपाट काळ्यात ती दिसते. छापताना कागद त्याच क्रमानं उचला. एखादी प्रत बिघडली तर तिचा आकडा पुन्हा वापरू नका, रिकामाच सोडा. म्हणजे एडिशन 1 ते 30 अशी सलग राहणार नाही, समजा 4 आणि 17 नसतील. त्याबद्दल कुणी कुरकुर केली तर तेवढं स्पष्टीकरण द्यायची तयारी ठेवा.

पांढरे_हातमोजे

आणि त्या 4 आणि 17 फाडून टाकू नका. झिजेची नोंद हवी असेल तर बिघडलेली प्रतही त्याच मालिकेतली आहे, तिच्यावर ‘बाद’ लिहून ठेवा.

राळ_आणि_तेल

बाद प्रती ठेवल्या की उद्या कुणीतरी त्याच प्रदर्शनात लावणार आणि शेजारी लिहिणार, ‘अपयशाचा शोध’. फाडा.